मत नसलेला घेणेकरी

परवा माळा आवरताना तात्यांची पत्र्याची पेटी निघाली. आत जुनी रेशनकार्डं, दोन-चार पत्रं आणि तळाशी त्यांचा गिरणीचा पितळी बिल्ला. तात्या म्हणजे माझे वडील. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. बिल्ल्यावर नाव नाही, फक्त तिकीट नंबर. चिंचेनं घासून तो टेबलावर ठेवला आणि दुपारी वर्तमानपत्र उघडलं, तर आत कुठल्याशा बुडालेल्या कंपनीच्या निकालाची बातमी!

मंडळी, मी बी.ए. मराठीची. जन्मभर समास आणि वृत्तं शिकवली. कंपन्यांच्या दिवाळखोरीशी माझा संबंध काय, असं आमच्या भजनी मंडळातल्या बायका विचारतात. आमचे एक मास्तर सांगत, की पूर्वी व्यापारी बुडाला की दुकानात भरदिवसा दिवा लावून बसे, म्हणून ते दिवाळं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. माझा संबंध मात्र या पेटीपासूनचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा तात्यांना निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. संपानंतर आमची गिरणी चाललीच नाही. पुढे ती हायकोर्टाच्या लिक्विडेटरकडे गेली. तात्या धुतलेला सदरा घालून त्या कचेरीत जायचे आणि संध्याकाळी येऊन एकच शब्द बोलायचे, "तारीख." साचे भंगारात गेले. मग तात्याही गेले. त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या नावाचा चेक आला. माझ्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकाही नव्हता. वारसाचे कागद जमवताना आईनं मला विचारलं, "तिकीट नंबर बरोबर आहे ना बघ. दुसऱ्या कुणाचे पैसे नकोत आपल्याला."

असो.

२०१६ साली नवा दिवाळखोरी कायदा आला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. ठरलेल्या दिवसांत निकाल लावायचा. आधी १८० दिवस, फार तर आणखी ९०. पुढे कोर्टकचेरी धरून ३३० ची मर्यादा घातली. या मुदतीत कंपनी चालवणारा कुणी मिळाला तर ती त्याला द्यायची, नाही तर विकून पैसे वाटायचे. शाळेच्या वेळापत्रकासारखं सुटसुटीत! वेळापत्रकाचं जे होतं तेच याचंही झालं. २०१९ च्या एस्सार स्टीलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ३३० दिवसांची मर्यादा एरवी पाळायचीच. पण दिरंगाई न्यायाधिकरणाची असेल तर अपवाद करता येईल. तेही चूक नाही. दुसऱ्याच्या दिरंगाईपायी चालती कंपनी का मोडायची?

पण जेट एअरवेजचं बघा. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. जूनमध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणात प्रकरण दाखल झालं. २०२१ मध्ये नव्या मालकांची योजना मंजूर झाली. त्यांनी पहिल्या हप्त्याचे ३५० कोटी भरायचे होते, भरले २००. उरलेले १५० कोटी बँक गॅरंटीतून वळते करून घ्या, असं त्यांचं म्हणणं, आणि अपील न्यायाधिकरणानं ते मान्यही केलं. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यघटनेचं कलम १४२ वापरून कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. भरलेले २०० कोटी जप्त झाले. निकाल मला पटला. पैसे न भरता "भरतो, भरतो" म्हणणाऱ्याला किती थांबायचं? पण साडेपाच वर्षं! मधल्या काळात कर्मचारी प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीसाठी भांडत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती पूर्ण द्या म्हटलं, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. कागदावर ते जिंकले. आणि पुढच्याच वर्षी देणाऱ्याची योजनाच कोसळली.

भूषण पॉवर अँड स्टीलचं नेमकं उलट. ती घेऊन जेएसडब्ल्यू चार वर्षं कारखाना चालवत होती आणि २ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजनाच रद्द करून कंपनी मोडीत काढायला सांगितलं. ३१ जुलैला तोच निकाल मागे घेतला आणि २६ सप्टेंबरला योजना कायम केली. पाच महिन्यांत दोन टोकं! शेवट योग्य झाला, असंच मी म्हणेन. पण त्या पाच महिन्यांत ओडिशातल्या त्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांच्या घरात काय बोलणं होत असेल, ते मला न सांगता कळतं.

माझी खरी तक्रार कोर्टापेक्षा कायद्याच्या रचनेशी आहे. कंपनीचं काय करायचं ते घेणेकऱ्यांची समिती ठरवते. समितीत कर्ज देणारे, म्हणजे मुख्यतः बँका. योजनेला ६६ टक्के मतं लागतात, आणि समितीच्या व्यवहारी शहाणपणात कोर्टानं ढवळाढवळ करायची नाही, हे कोर्टानंच ठरवून घेतलंय. कामगाराचा पगार थकला तर तोही घेणेकरीच की! २०१९ मध्ये कानपूरच्या एका ताग गिरणीच्या प्रकरणात कोर्टानं कामगार संघटनेला दिवाळखोरीचा अर्ज करायचा हक्कही दिला. म्हणजे दार ठोठावता येतं. पण आत मत नाही. थकबाकी पुरेशी मोठी असेल तर प्रतिनिधीनं बसायचं आणि ऐकायचं. घर घेणाऱ्यांना २०१८ मध्ये मत मिळालं, ते योग्यच झालं. मग घाम उधार देणाऱ्याला का नको?

एबीजी शिपयार्डच्या कामगारांचा एप्रिल २०२२ चा निकाल मी दोनदा वाचला. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचे पैसे विक्रीच्या रकमेत मिसळायचे नाहीत, हे त्यात ठामपणे सांगितलंय. छान. पण प्रकरण चालू असतानाचा पगार आधी कुणाला मिळणार? कंपनी चालू होती आणि आपण खरोखर काम केलं, हे जो दाखवेल त्याला. बाईपणाच्या सवयीनं मी समासात लाल पेनानं लिहिलं, "गेटला कुलूप असेल तर काम कुठे करायचं?" कुलपाची किल्ली काही कामगाराच्या खिशात नसते.

यावर माझा भाचा, जो बँकेत आहे, म्हणतो, "मावशी, कामगारांना मत दिलं तर ते बुडती कंपनी ओढतच राहतील. बँकेचा पैसा म्हणजे तुझीच एफडी ना?" त्याचं खोटं नाही. माझी एफडी आहे, आणि ती बुडावी असं मला वाटत नाही. पण मतं थकबाकीच्या प्रमाणात दिली तर कामगारांचा वाटा बँकांपुढे चिमूटभरच येईल. त्यांना काही अडवता येणार नाही. फक्त त्यांना विचारावं लागेल. आणि दुसरं, ग्रॅच्युइटीची रक्कम मालकानं दर महिन्याला बाहेर भरावी, फंडासारखी. कंपनी बुडाल्यावर पेटी उघडायची आणि ती रिकामी निघायची, मग कोर्टानं कितीही चांगलं लिहिलं तरी वाटणार काय?

भाचा म्हणाला, "लिहून काढ, बघू कोण वाचतंय." म्हणून लिहिलं. बिल्ला आता टेबलावरच राहू देणार आहे. नंबर अजून नीट वाचता येतो.