पासपोर्ट कुणाचा, लेक कुणाची?

गेल्या महिन्यात कॅनडातून लेकीचा फोन आला. ‘‘आई, पुढच्या आठवड्यात नागरिकत्वाची शपथ आहे. मग भारताचा पासपोर्ट जमा करावा लागेल.’’ मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि कुकर लावला. शिट्ट्या मोजायचंच विसरले. रात्री यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘कागदच तर आहे, त्यात काय एवढं!’’ मला मात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वडाळे तलावाला फेरी मारताना मैत्रिणींपाशी विषय काढला. एकजण पटकन म्हणाली, ‘‘म्हणजे गेलीच की गं हातची. परकी झाली.’’

आता गंमत बघा. जून २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेच्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, तेव्हा हीच मैत्रीण ‘आपला मुंबईचा पोरगा’ म्हणून सगळ्यांना फोन करत होती. सौरभ २०१० मध्ये भारताकडून एकोणीस वर्षांखालील विश्वचषक खेळलेला, मुंबईसाठी रणजी खेळलेला. २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेला गेला. पुढे १२ जूनला त्याने भारताविरुद्ध कोहली आणि रोहित या दोघांनाही बाद केलं, तरी त्याला कुणी परकं म्हटलं नाही. मलाही त्याचं कौतुकच वाटलं. पण मग लेकीच्या बाबतीत वेगळं माप का?

मला आठवली तनिथ बेलबिन. लेक लहान असताना चाकांच्या स्केटिंगच्या क्लासला जायची, त्यामुळे २००६ चं तुरिनचं हिवाळी ऑलिम्पिक आम्ही दोघींनी टीव्हीवर डोळे लावून पाहिलं होतं. आम्हा पनवेलकरांना बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला आणि मासळीच्या पाटीतला. त्यावर नाच करायचा म्हणजे अप्रूपच! आइस डान्स हा जोडीने करायचा खेळ आणि त्यात मुलांचा कायम तुटवडा. तनिथ कॅनडात जन्मली, मॉन्ट्रियलजवळ वाढली. जोडीदार मिळावा म्हणून १९९८ मध्ये, अवघ्या तेरा-चौदाव्या वर्षी ती अमेरिकेत मिशिगनला आली. तिथे बेन अगोस्टोशी तिची जोडी जमली. त्यांच्या खेळाचा नियम असा, की जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं. ऑलिम्पिकला मात्र दोघंही नागरिक हवेत. त्यामुळे २००५ च्या जागतिक स्पर्धेत ही जोडी अमेरिकेसाठी रौप्यपदक मिळवून बसली, तरी ऑलिम्पिकचं दार बंदच! अखेर अमेरिकेच्या संसदेने कायद्यात खास तरतूद केली, ३१ डिसेंबर २००५ ला तनिथने शपथ घेतली आणि फेब्रुवारीत तुरिनला दोघांनी रौप्यपदक पटकावलं. आइस डान्समध्ये अमेरिकेला १९७६ नंतर प्रथमच पदक मिळालं होतं.

तनिथचं कॅनडाचं नागरिकत्वही राहिलं, कारण कॅनडाला दोन नागरिकत्वं चालतात. आपल्याकडे तसं नाही. १९५५ च्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं, की भारताचं संपतं. ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं सोपं होतं, पण मतदान नाही. आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनीच देशाकडून खेळायचं, हे धोरण सरकारने २००८ मध्ये ठरवल्यावर शिखा ओबेरॉयसारख्या अमेरिकी पासपोर्टच्या टेनिसपटूंची वाट बंद झाली. तेव्हा ‘कागदच तर आहे’ हे यांचं म्हणणं मला पटत नाही. कागदाने दारं उघडतात, तशी बंदही होतात. देशाने नियम करावेत, ते पाळावेतही. माझा आक्षेप नियमांना नाही, आपल्या नजरेला आहे.

सानिया मिर्झाचंच बघा. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादला. २०१० मध्ये पाकिस्तानच्या क्रिकेटपटूशी लग्न केलं, पण पासपोर्ट बदलला नाही. २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती भारताचीच खेळाडू राहिली. तरी २०१४ मध्ये तेलंगणातल्या एका नेत्याने तिला ‘पाकिस्तानची सून’ म्हटलंच. म्हणजे पोरगा दुसऱ्या देशाची जर्सी घालून आपल्याच संघाला बाद करतो, तरी तो आपला. पोरगी आपलीच जर्सी घालून खेळते, तरी तिने निष्ठा सिद्ध करायची! एक क्रिकेट, दुसरं टेनिस, शिवाय पाकिस्तानचं नाव आलं की डोकी तापतात, हे मला कळतं. पण ‘सून’ हा शब्द पुरुष खेळाडूच्या वाट्याला कधी आला असता का?

खरं तर देश बदलण्याचा सराव आम्हा बायकांइतका कुणाला आहे? लग्नात माझं आडनाव बदललंच, नावही बदललं. ताटातल्या तांदळात यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, मी मान डोलावली. माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला वडील स्वतः घेऊन आले होते, तो हातात देताना त्यांचा आवाज बसला होता. पण ‘तू आता परकी’ असं ते म्हणाले नाहीत. लग्नासाठी सारं सोडलं तर ती गुणाची आणि कामासाठी, खेळासाठी सोडलं तर ती परकी, हा कुठला न्याय मैत्रिणींनो?

वाईट मला आजही वाटतं, खोटं कशाला बोलू! वडिलांनाही वाटलं असेलच. पण आपलं वाईट वाटणं हा लेकीचा गुन्हा होत नाही.

दोन दिवसांनी मीच फोन लावला. विचारलं, ‘‘शपथेला काय घालणार आहेस?’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘‘तुझी आमसुली साडी आणलीय ना मी, ती. पण आई, निऱ्या नीट येत नाहीत गं.’’

म्हटलं, ‘‘व्हिडिओ सुरू कर. मी सांगते.’’