रक्त तपासण्याआधी जमीन तपासा

"डॉक्टर, घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले. आता बोअरचं पाणी प्यायला हरकत नाही ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या घराजवळ पूर्वी तेलाचा डेपो होता. तो बंद होऊन बरीच वर्षे झाली. पावसाळ्यात पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, म्हणून त्यांनी पाचही जणांचे रक्त तपासून घेतले. पाणी मात्र कोणीच तपासले नव्हते.

मी म्हणालो, "रिपोर्ट चांगले आहेत. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही."

पेट्रोलसारख्या तेलांत बेन्झिन असते. त्याच्याशी दीर्घकाळ संपर्क आला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. रक्ताची साधी तपासणी (सीबीसी) बिघडते ती अस्थिमज्जेवर परिणाम झाल्यानंतर. लघवीतल्या खुणा एक-दोन दिवसांत नाहीशा होतात. म्हणजे नॉर्मल रिपोर्टवरून पाणी निर्दोष ठरत नाही.

नाकावरही विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेन्झिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. वास जाणवायला त्याच्या सुमारे हजार पट बेन्झिन लागते. आणि पाणी उकळले तर ते वाफेबरोबर स्वयंपाकघरातच पसरते.

मग खरे उत्तर कुठे मिळते? जमिनीत.

न्यूयॉर्कमधल्या ग्रीनपॉइंट भागात एकोणिसाव्या शतकापासून तेलशुद्धीकरण कारखाने होते. १९७८ साली तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरला तिथल्या खाडीत तेलाचा तवंग दिसला. पुढच्या अभ्यासात वस्तीखाली सुमारे १ कोटी ७० लाख गॅलन, म्हणजे साडेसहा कोटी लिटरच्या आसपास, तेल साचल्याचा अंदाज निघाला. मुख्य कारखाना तर १९६६ सालीच बंद झाला होता. तिथले लोक दूरच्या धरणांचे पाणी पितात. तरीही जमिनीतून घरात शिरणाऱ्या वाफेचा प्रश्न उरलाच. या तेलाचा माग काढताना तिथे धातुकाम आणि ड्रायक्लीनिंगसारख्या धंद्यांतली वेगळीच रसायनेही सापडली. हे कुठल्या रक्ततपासणीत दिसले असते?

जमिनीची तपासणी रुग्णाच्या तपासणीसारखीच असते. आधी इतिहास: टाक्या कुठे होत्या, पाइप कुठून जात होते, गळती कधी झाली. मग ठिकठिकाणी छिद्रे पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती घेतात. निरीक्षण विहिरी खोदून पाण्याची पातळी मोजतात. त्यावरून भूजल कोणत्या दिशेला वाहते ते कळते. पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाचा थर मोजतात. घरांच्या फरशीखालची हवाही तपासतात. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी वर येते आणि उन्हाळ्यात खोल जाते. म्हणून दोन्ही ऋतूंत नमुने हवेत. एका नमुन्यावर निदान करू नये.

यावर म्हणतात, "एवढा खर्च कशाला? आरोग्य शिबिर घेऊ." शिबिराला माझा विरोध नाही, मीही अनेक शिबिरांत बसलो आहे. पण शिबिर एका रविवारी उरकते, हार-तुरे होतात, सगळे नॉर्मल निघतात आणि विषय संपतो. माणसे आजारी पडेपर्यंत थांबून मग पुरावा शोधणे याला मी प्रतिबंध म्हणणार नाही. आपल्याकडे हजारो घरे बोअरवर अवलंबून असताना तर मुळीच नाही.

तुमच्या पाण्याला असा वास येत असेल किंवा जवळ जुना डेपो, पेट्रोल पंप असेल, तर एवढे करा:

• वास येत असेल तर ते पाणी पिणे, स्वयंपाक आणि शक्यतो आंघोळीसाठीही बंद करा. उकळणे किंवा घरचा फिल्टर हा उपाय नव्हे.
• मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बेन्झिन, टोल्युइन, इथिलबेन्झिन आणि झायलिन यांची तपासणी मागा. जंतू आणि क्षार पाहणाऱ्या नेहमीच्या तपासणीत ती होत नाही. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या.
• शेजाऱ्यांसह ग्रामपंचायत किंवा महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा. जमिनीची तपासणी मागा आणि अहवालाची प्रतही मागा.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी एकही गोळी लिहून दिली नाही. चिठ्ठीवर लिहिले, "पाण्याची तपासणी. मग जमिनीची." रक्ताचे पुढे पाहू.