आठ रुपयांचा नागरिक

अंगणवाड्या बंद करू, असे कोणतेही सरकार उघडपणे म्हणणार नाही. मते जातील. म्हणून दर गोठवायचे, महागाई वाढू द्यायची आणि योजना आपोआप मरू द्यायची. बंद न करता बंद पाडण्याची ही मनुवादी युक्ती ओळखा.

२०१५-१६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद निम्म्याच्या आसपास आणली गेली. कारण काय? राज्यांचा करवाटा ३२ वरून ४२ टक्के झाला, आता राज्यांनी बघावे! खुद्द मंत्री मनेका गांधींना अर्थमंत्र्यांकडे तक्रार करावी लागली. २०१७ मध्ये मुलामागे रोजच्या आहाराचा दर आठ रुपये ठरला. २०२५ चे अंदाजपत्रक आले तरी आठच. त्यातलाही निम्मा भार राज्यावर. एवढ्या वर्षांत डाळ-तेल कुठे पोचले, हे माकणीच्या कोणत्याही किराणा दुकानात विचारा. सेविकेच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला आकडा २०१८ पासून ४,५०० वरच अडकला. राज्याकडे हक्क मागावा, तर २०१८ मध्येच त्यांच्यावर मेस्मा लावला गेला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर तो थांबवावा लागला.

याची झळ कोणाला? ज्याला परवडते त्याचे लेकरू पिवळ्या बसमधून इंग्रजी नर्सरीत जाते. रोजंदारीला, ऊसतोडीला जाणाऱ्या आईच्या लेकराला अंगणवाडीशिवाय काय आहे? २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वयालाच दिला. सहा वर्षांखालचे मूल कलम ४५ च्या मार्गदर्शक तत्त्वावर सोडले. हक्क नसला की तरतूद ही मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी कधीही कापता येते.

‘पैसा नाही’ हे उत्तर जुनेच आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सरकारला हिशेब मांडून दाखवला होता: शिक्षणावर दरडोई फक्त १४ आणे, आणि दारूच्या महसुलातून वसुली दोन रुपयांहून जास्त. जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. प्रश्न तिजोरीचा नव्हता, प्राधान्याचा होता. आजही तोच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला: अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीत अग्रक्रम. सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी. मग माकणीच्या आणि लोहारा तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत ठराव घ्या: आहाराचा दर महागाईशी जोडा, सेविकांना कर्मचाऱ्याचा दर्जा द्या. ठराव लेखी घ्या, त्याची प्रत मागा.

भीक नको, हिशेब द्या!

जय भीम! जय संविधान!