तपास हवा, झडती नको

रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका वा सफाई कर्मचारी एकापाठोपाठ बाधित झाले, तर विषाणूचे जनुकीय क्रमनिर्धारण व्हायलाच हवे. मात्र त्या अहवालाने कर्मचाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मार्च २०२० मध्ये दक्षिण नेदरलँड्समधील तीन रुग्णालयांनी बाधित कर्मचाऱ्यांच्या करोना विषाणूंचे असे क्रमनिर्धारण करून त्यांची जुळणी केली. संसर्ग वॉर्डांत फोफावलेला नसून बहुतांशी बाहेरूनच, अनेक वाटांनी आत आल्याचे त्यातून दिसले.

धोका इथेच आहे. ‘संसर्ग बाहेरून आला’ असा अहवाल हाती पडताच व्यवस्थापन बाधित कर्मचाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी झटकू शकते. पण या तपासाला मर्यादा आहेत. करोना विषाणूच्या सुमारे ३० हजार अक्षरांच्या जनुकीय संहितेत महिन्याला साधारण दोनच बदल होतात. दोन नमुने ठळकपणे वेगळे निघाले, तर थेट संसर्गाची शक्यता निकालात निघते. सारखे निघाले, तरी कोणी कोणाला बाधित केले हे सिद्ध होत नाही. रात्रपाळीत मास्क उतरवून एकत्र चहा घेणाऱ्या दोन परिचारिकांपैकी आधी बाधित कोण, हे केवळ क्रमनिर्धारण सांगू शकत नाही.

पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, क्रमनिर्धारण करणाऱ्या प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ हे जाळे डिसेंबर २०२० मध्येच उभे राहिले; त्यामुळे साधनांची सबब चालणार नाही. सरकारने या तपासाचे नियम लेखी करावेत, अहवाल कर्मचाऱ्यांनाही द्यावा आणि केवळ त्याच्या आधारे भरपाई नाकारण्यास मनाई करावी. अन्यथा पुढच्या साथीत कर्मचारी लक्षणे लपवतील आणि त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागेल.