माळावरील गवतास अंगणात स्थान हवे

बाग म्हटली म्हणजे परदेशी फुलझाडे व रोज पाणी मागणारी हिरवळ, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. सोलापुरातील नवी पेठेसारख्या दाट वस्तीपासून खेड्यातील शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या आवारापर्यंत हाच कित्ता गिरविला जातो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच चणचण भासते, तेथे ही चाल परवडणारी नाही. ती आवश्यकही नाही. कारण शोभेची उत्तम गवते याच जिल्ह्याच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत.

शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणार्थ १९७९ साली येथील अभयारण्य घोषित झाले. हा पक्षी उघड्या गवताळ रानात जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. झाडांची दाटी त्यास मानवत नाही. परंतु माळ म्हणजे पडीक जमीन असे मानून कोठे नांगर फिरला, तर कोठे गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. आज माळढोक येथे क्वचितच दृष्टीस पडतो. गवतास निरुपयोगी ठरविण्याची ही किंमत होय.

अंगणातील वाफ्यामुळे माळढोक परत येणार नाही, हे उघड आहे. तथापि मुनिया व चंडोल यांस बी, फुलपाखरांच्या अळ्यांस पाला व सुगरणीस घरट्यासाठी पाती मिळतील. त्याहून मोठा लाभ असा की, जे गवत मुलांनी शाळेच्या आवारात नावाने ओळखले, त्यास ती मोठेपणी पडीक म्हणणार नाहीत.

काळ्या जमिनीत मारवेल लावावे. मुरमाड, उथळ जमिनीत शेडा व हलक्या जमिनीत अंजन चांगले येते. पावसाळ्याच्या आरंभी मारवेलचे ठोंब एकेक हात अंतरावर लावावेत. बी दिवाळीच्या सुमारास शेताच्या बांधावरून गोळा करावे, अभयारण्यातून आणू नये. ते पुढील पावसाळ्यात मातीत मिसळून अगदी वरवर पेरावे. रासायनिक खत देऊ नये, त्याने तणच माजते. कुसळीचा तांबूस रंग मनोहर खरा, परंतु तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात; म्हणून ती वाटेवर वा गोठ्याजवळ लावू नये.

उंच गवतात साप येतील, ही शंका रास्त आहे. म्हणून गवताचा वाफा दारापासून दूर, कुंपणाच्या कडेस ठेवावा व मधली जागा मोकळी राखावी. बी झडल्यावर चार बोटे उंचीवर कापणी करावी. मात्र एक तृतीयांश गवत पाखरांसाठी उभे ठेवावे. कापलेले गवत गुरांना घालावे. वाफा जाळू नये.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी यंदा ग्रामपंचायतीच्या आवारात असा एक वाफा करून प्रत्येक गवतापुढे त्याच्या नावाची पाटी लावावी. शेतकऱ्यांनीही बांधाचा एखादा कोपरा नांगराविना राखावा. यास खर्च जवळजवळ नाही. आपल्या मातीतील गवतास तुच्छ लेखण्याची सवय तेवढी सोडावी लागेल.