रांग कुठली?

परवा राजूरला पहाटेच्या योगवर्गात सतरंजी अंथरत होतो, तेवढ्यात गुरुजींचा हुकूम सुटला, "बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे!" चटई काखेत धरून दारात उभी असलेली एक व्यक्ती क्षणभर दोन्ही रांगांकडे बघत राहिली, मग मुकाट्याने चपला घालून निघून गेली. आमच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात गाय, वळू असे गट पाडतात ते समजतं, तिथं बक्षिसं वाटायची असतात. त्रिकोणासनात कंबर सगळ्यांचीच दुखते (माझी जरा जास्तच). पतंजलींच्या यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येतं आणि आपण माणसाला उंबऱ्यावरच खोटं वागायला लावतो! तृतीयपंथीयांची ओळख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केली, समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून वगळले. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने तर २०१७ मध्येच तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. गाव चालवायला चालतं, मग सूर्यनमस्कार शिकवायला का नको? आपली ओळख न लपवता कुणी इथं वर्ग काढला, तर पहिली चटई माझी. तोवर गुरुजी, उद्यापासून जागा दिसेल तिथं बसू द्या.