तरुणांचं वकीलपत्र कुणी दिलं?

२०१२ साली चेतन भगत यांच्या लेखसंग्रहाचं नावच होतं 'व्हॉट यंग इंडिया वॉन्ट्स'. म्हणजे तरुण भारताला काय हवं, ते आयआयटी, आयआयएम करून बँकेत नोकरी केलेले लेखक सांगणार! लिहायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण हे वकीलपत्र दिलं कुणी? मिरजेत सतार घडवणाऱ्या कारागिराच्या मुलानं? साताऱ्याच्या अभ्यासिकेत भरतीच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्या मुलीनं?

मराठीतही ही हौस जुनीच. १९६३ च्या 'कोसला'ला लोकांनी 'पिढीचा आवाज' करून टाकलं. नेमाडेंनी तर एकट्या पांडुरंग सांगवीकरची गोष्ट सांगितली होती. शेतकरी बापाच्या पैशावर पुण्यात शिकणाऱ्या पोराची. त्याच वर्षी बाबूराव बागूलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. जात लपवून नोकरी करणारा तो तरुण मग कुठल्या पिढीचा?

नोकरी न मिळण्याचं दुःख एक, आणि आडनाव ऐकून भाड्यानं खोली न मिळण्याचं दुसरं. दोन्हींना 'युवकांची निराशा' हे एकच लेबल लावलं की दुसरं गायब होतं.

म्हणून वर्गात मी मुलांना सांगतो, तुमचं तुम्ही लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, चुकत लिहा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे कुठं शाळा शिकले होते?